सुतकात पाहिलेला भाग

सासूबाई धुळ्याहून आमच्याकडे जळगावला कायमच्या राहायला आल्या, त्या खुब्याच्या ऑपरेशननंतर. त्याआधी त्या यायच्या, चार दिवस राहायच्या आणि परत जायच्या. त्या गेल्या की मला हायसं वाटायचं. त्यांनाही धुळ्याला पोचल्यावर तसंच वाटत असणार. आमचं भांडण कधी झालं नाही, कारण भांडायला जेवढी जवळीक लागते तेवढीही आमच्यात नव्हती. मी कॉलेजात अकाउंटन्सी शिकवते. सकाळी जाते, दुपारी घरी येते. आमचे हे दीपनगरच्या वीजकेंद्रात, त्यांच्या पाळ्या बदलत्या. मुलगी शिकायला बाहेरगावी. म्हणजे दुपारभर घरात त्या आणि मी, दोघीच.

त्या अहिराणी बोलायच्या. मला त्यांचं सगळं कळायचं, पण माझ्या माहेरी शाळेतली मराठी बोलायची शिस्त होती, त्यामुळे माझं उत्तर त्याच मराठीत जायचं. पहिले काही महिने आमचं बोलणं गोळ्या, चहा, आंघोळीचं पाणी आणि वॉकर एवढ्यावरच भागलं. बाकीचं बोलणं टीव्ही करायचा. त्यांना ऐकू कमी येत नव्हतं, तरी आवाज मोठा लागायचा. रोजच्या मालिका एकामागून एक चालत. आतल्या खोलीत पेपर तपासताना भिंतीतून रडणं, ढोल आणि कुणीतरी कुणाला घराबाहेर काढल्याचा आवाज यायचा. मी दार लावून घ्यायचे.

स्टाफरूममध्ये मला या विषयातली जाणकार समजत. नवी वेबसीरिज आली की सहकारी विचारायचे, बघण्यासारखी आहे का. मी सांगायचे, पहिला सीझन बघा, दुसऱ्यात दम नाही. किंवा, मूळ परदेशी पाहा, आपल्याकडची नक्कल आहे. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लांबलचक मतं लिहायचे आणि लोक पसंतीचे अंगठे टाकायचे. रोजच्या मालिकांबद्दल मी एकदा म्हणाले होते की त्या बघणाऱ्यांच्या डोक्याला गंज चढतो. त्यावर सगळे हसले होते, आणि मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की ते मी पुढेही एकदोनदा वापरलं.

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली. जळगावचा मे ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. घरात कूलर एकच आणि तो हॉलमध्ये. आतल्या खोलीत बसवेना म्हणून मी पेपरांचा गठ्ठा घेऊन हॉलमध्ये आले. टीव्हीवर एका सुनेवर दागिने चोरल्याचा आळ आला होता. मी मान खाली घालून लाल पेन चालवत होते. थोड्या वेळाने माझ्या तोंडून निघून गेलं, "ही निळ्या साडीतली कोण?"

सासूबाईंनी टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं. मग त्या निळ्या साडीवालीची आई कोण, तिचं पहिलं लग्न कसं मोडलं आणि दागिने खरं म्हणजे कुणी उचलले, हेही सांगितलं. त्या सलग एवढं माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नव्हतं. त्या दुपारी माझे पेपर झाले नाहीत.

पुढे ते रोजचं झालं. जेवणं आटोपली की मी त्यांच्या खाटेला पाठ टेकून फरशीवर बसायचे, कारण फरशी गार असायची. त्या वर, उशीला टेकून. मुलीने सुट्टीत येऊन टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं, तेव्हा मी मोठ्या हौसेने माझ्या लहानपणची एक जुनी मालिका शोधून काढली. कापडदुकान असलेल्या एका एकत्र कुटुंबाची गोष्ट. ती आम्ही शेजारच्या घरी गर्दी करून पाहायचो. त्या काळच्या मालिकांची सर आताच्यांना नाही, असं मी वर्गातसुद्धा मुलांना ऐकवलेलं. सासूबाईंना म्हटलं, आता बघा, खरी मालिका कशी असते ती.

आम्ही सलग पाच-सहा भाग पाहिले असतील. चित्र फिकं, आवाज डब्यातून आल्यासारखा. दार आपटलं की अख्खी भिंत हलायची. थोरली सून भागामागून भाग न बोलता भाकऱ्या थापत होती. लहानपणी मला ती देवीसारखी वाटायची. सासूबाईंनी विचारलं, "हाई बोलत का नही?" मी म्हटलं, हाच तर अभिनय आहे, न बोलता सगळं सांगते ती. त्या म्हणाल्या, "तिले बोलाले कोनी काही लिखी दिधं नही."

मी त्यांना संयम वगैरे समजावून सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी पुढचे भाग बघताना मलाच कंटाळा आला. सासरा सुनेवर हात उगारतो आणि पाठीमागे गमतीचं संगीत वाजतं, असा एक प्रसंग होता. त्यावर आम्ही शेजारच्या घरात खो-खो हसलो होतो हे मला आठवलं. मी रिमोट उचलून दुसरं काहीतरी लावलं. वर्गात ठासून सांगितलेली वाक्यं मात्र मला दिवसभर ऐकू येत राहिली.

त्यांची मतं काही फार शहाणी होती असं नाही. मिशीवाल्या माणसावर त्या डोळे मिटून विश्वास ठेवायच्या. एखादा नट एका मालिकेत वाईट निघाला की दुसरीकडे तो साधू असला तरी त्यांना पटायचं नाही. तो कुठल्याही घरात शिरला की त्या खाटेवरून ओरडायच्या, अरे तोच चोट्टा शे हाऊ. डॉक्टर दाखवले की त्या त्यांना आपला गुडघा दाखवण्याच्या बेतात असायच्या. आणि मीही कमी नव्हते. मी दिग्दर्शन, पटकथा असे शब्द वापरायचे आणि मग त्यांच्याइतक्याच जोराने म्हणायचे की ही बाई मेली पाहिजे. एकदा एका मालिकेतल्या जावांवरून आमची इतकी जुंपली की चहा गॅसवर उतू गेला. त्या दिवशी संध्याकाळी भाजी निवडताना मला वाटलं, या बाईशी आपण भांडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग आम्ही नव्या सीरिजकडे वळलो. डोंगरातल्या एका गावात पोलिस अधिकारी असलेल्या बाईची हिंदी सीरिज होती. गावातल्या मुली नाहीशा होतात आणि ती शोध घेते. घटस्फोटित, दारू पिणारी, तोंडात शिव्या. मी सुरुवातीला रिमोट हातातच ठेवला होता. एक नको तसा प्रसंग आला तेव्हा मी घाईने पुढे सरकवायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "पळाडू नको. माले बठ्ठं माहीत शे." सगळं माहीत असलेल्या बाईपुढे काय पळवायचं? मी रिमोट खाली ठेवला आणि आम्ही दोघी समोर बघत बसलो. माझे कान गरम झाले होते. त्या शेंगा सोलत होत्या.

ती अधिकारी त्यांना कधीच आवडली नाही. तिच्या घरात कोणी स्वयंपाक करतं की नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. गॅसची शेगडी दिसते, पण तिच्यावर भांडं कधी चढत नाही. पण तिच्या मागे मागे फिरणारा एक तपकिरी लंगडा कुत्रा होता, त्याच्यावर त्यांचा जीव जडला. तो दाराशी बसलेला दिसला की त्या एकदम बोलायच्या थांबायच्या. "कुत्रा गुनी शे," म्हणायच्या. खरं तर आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना त्या काठीने हाकलायच्या.

त्याच सुमारास कॉलेजातल्या एक बाई सासूबाईंची चौकशी करायला घरी आल्या. स्टाफरूममध्ये त्या माझ्या शेजारी बसतात. आल्या त्या वेळी टीव्हीवर रोजची मालिका चालू होती आणि मी फरशीवर बसले होते. मी उठून टीव्ही बंद केला. त्या हसत म्हणाल्या, अहो, चालू द्या की, आजींचं मन रमतं. सासूबाईंनी कौतुकाने सांगितलं, "आम्ही दोन्हीजनी संगेच देखतस. मन्हापेक्षा तिलेच जास्त येड शे."

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते गंज चढण्याचं वाक्य स्पष्ट दिसत होतं. मी म्हणाले, "नाही हो, आईंना एकटं वाटतं म्हणून बसते मी जरा वेळ. मला कुठलं कळतंय त्यातलं."

सासूबाईंनी पाहुण्या बाईंना गुडघ्याबद्दल सांगितलं, चहा घ्यायला लावला. त्या गेल्यावर मी टीव्ही पुन्हा लावला तर म्हणाल्या, आज नको, डोळे दुखतात. दुसऱ्या दुपारी मी पेपर वगैरे काही न घेता आधीच फरशीवर जाऊन बसले आणि पोलिसवाल्या बाईची सीरिज लावली. त्या आल्या, उशीला टेकल्या आणि पाहू लागल्या. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मी माफी मागायला हवी होती, पण कशाबद्दल हे शब्दांत मांडायचं म्हणजे तेच पुन्हा तोंडाने म्हणावं लागलं असतं.

पावसाळा संपता संपता धुळ्याहून माझी थोरली नणंद त्यांना न्यायला आली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. सासूबाईंचं जुनं घर आणि अक्काचं घर एकाच गल्लीत. त्यांना आपली माणसं, आपलं घर पाहायचं होतं, आणि आता त्या काठीवर बऱ्यापैकी चालत होत्या. त्या सीरिजचे शेवटचे दोन भाग बाकी होते. गाडीत बसताना त्यांनी अक्कासमोर मला दम दिला, "मी येस तोवर पुढलं देखू नको." अक्काला वाटलं, घरातल्या कुठल्या तरी कामाबद्दल बोलताहेत.

मी पुढचं पाहिलं नाही. दुसऱ्या दोन सीरिज पाहून संपवल्या, पण ती तशीच ठेवली. धुळ्याहून त्यांचा फोन यायचा तेव्हा सुरुवातीला तब्येतीचं, हवापाण्याचं झालं की आवाज खाली आणून विचारायच्या, पाहिलं तर नाहीस ना. मग आमचे अंदाज चालायचे. त्यांच्या मते त्या अधिकारी बाईच्या हाताखालच्या फौजदाराचा मेहुणा गुन्हेगार होता, कारण त्याला मिशी नव्हती. कुत्र्याला काही होता कामा नये, हे त्या प्रत्येक फोनवर मला बजावायच्या, जणू ती सीरिज मीच बनवत होते.

एके दिवशी सकाळी कॉलेजला निघताना अक्काचा फोन आला. सासूबाई चहा पिऊन ओट्यावर बसल्या होत्या आणि बसल्या जागीच गेल्या. आम्ही पारोळ्याच्या रस्त्याने धुळ्याला पोचलो तोवर अंगणात माणसं जमली होती. हे गाडीतून उतरले ते सरळ आईच्या पायांवर पडून हुंदके देऊन रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मला वाटलं, आता येईल रडू. आलं नाही.

आमच्याकडे दारावर, म्हणजे सांत्वनाला, येणाऱ्या बायका उंबऱ्याशी आल्या की गळा काढतात. घरातल्या लेकी-सुनांनी पुढे होऊन त्यांच्या गळ्यात पडायचं, मोठ्याने रडायचं, गेलेल्या माणसाच्या आठवणी सुरात सांगायच्या. अक्का ते सगळं मनापासून करत होती. प्रत्येक बाईच्या गळ्यात पडताना तिचं रडू नवं असायचं. मी तिच्या मागे उभी राहायचे. बायका अक्काला सोडून माझ्याकडे वळायच्या, माझ्या मानेभोवती हात टाकायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावर कोरडी मान ठेवून पदर डोळ्यांना लावायचे. चोपड्याहून आलेल्या चुलत सासूबाईंनी हनुवटी धरून माझा चेहरा वर केला, पाहिला आणि सोडून दिला. मी आत जाऊन चहाची भांडी घासायला लागले. भांडी घासणारं माणूस रडतंय की नाही हे कोणी पाहत नाही.

मला दुःख झालं नव्हतं असं नाही. पण ते कुठे होतं ते मला सापडत नव्हतं. रात्री अक्का तिच्या यजमानांना म्हणताना मी ऐकलं, वहिनीच्या डोळ्यांत टिपूस नाही, आईने दीड वर्ष तिच्या घरात काढलं. तिचं काही चुकलं होतं असं मला म्हणता येईना.

दहाव्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. जेवणं झाली होती. हॉलमध्ये बायका आडव्या झाल्या होत्या, कुणी घोरत होतं. सुतकाच्या घरात दुःखाच्या बरोबरीने कंटाळा असतो, हे कोणी बोलत नाही. टीव्हीवर पंचा टाकलेला होता. मी गाद्यागोधड्या ठेवायच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. थोडी पाठ टेकावी एवढंच मनात होतं. मग फोन काढला, कानात इअरफोनची बोंडं घातली आणि ती सीरिज लावली.

का लावली, याची मी नंतर स्वतःला बरीच चांगली कारणं दिली. त्या गेल्या, तर निदान शेवट त्यांच्या वतीने पाहावा. त्यांच्या घरात, त्यांच्या गोधड्यांवर बसून पाहावा. हे सगळं मागाहून सुचलेलं आहे. त्या दुपारी मला फक्त इतर कुठेतरी जायचं होतं.

शेवटून दुसरा भाग वाईट होता. तो वाईट आहे हे मला सुतकातसुद्धा कळत होतं आणि मी मनातल्या मनात त्याच्यावर टीका करत होते, की सगळे धागे घाईघाईने जोडलेत, मेहुण्याला उगाच मध्ये घुसडलाय. शेवटच्या भागात ती अधिकारी धरणाच्या भिंतीवर गुन्हेगाराला गाठते. गोळी सुटते, आणि मध्ये तो लंगडा कुत्रा येतो. दिग्दर्शकाने यात काही नवीन केलं नव्हतं. कुत्रा मध्ये येणार हे कुणालाही आधीच कळावं असं होतं. तो पडतो, ती बाई गुडघ्यांवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेते, आणि तो शेपटी एकदा हलवतो.

मी रडायला लागले. नुसतं डोळे पुसण्यासारखं नाही, पोटातून रडू आलं. तोंड गोधडीत खुपसलं तरी आवाज बाहेर जात होता. दार उघडलं आणि अक्का आत आली, तिच्या मागे चोपड्याच्या चुलत सासूबाई. मी फोन गोधडीखाली सरकवला. एक बोंड कानातून पडलं, दुसरं पदराखाली कानात तसंच राहिलं. अक्का माझ्या शेजारी बसली आणि तिने मला छातीशी धरलं.

"रड, मोकळी हो," ती म्हणाली. "इतके दिवस कोंडून ठेवलंस ना."

माझ्या एका कानात अक्काचा आवाज होता आणि दुसऱ्या कानात त्या सीरिजचं शेवटचं बासरीचं संगीत. त्या क्षणी मी सांगू शकले असते. मी अक्काच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि आणखी रडले. चुलत सासूबाई दारातून म्हणाल्या, लोक काय काय बोलत होते, आणि हिचं आपलं आतल्या आत चाललं होतं. मग बाकीच्या बायकाही उठून आल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. मी सगळ्यांकडून सगळं करून घेतलं. संगीत थांबलं आणि कानात एक माणूस दुसऱ्याच कुठल्या तरी सीरिजची जाहिरात करू लागला, तेव्हा कुठे मला पदराखालून ते बोंड काढता आलं.

सुतक फिटण्याची गंधमुक्ती झाली, आम्ही जळगावला परतलो. मला वाटलं, तिथेच संपलं. पण अक्काने ती गोष्ट सांगायला सुरुवात केली होती. आधी तिने मला चुकीचं समजलं होतं, याची तिला टोचणी लागली असावी, आणि ती भरून काढायला ती जाईल तिथे सांगत होती की आमची वहिनी चारचौघांत रडली नाही, मागच्या खोलीत आईच्या गोधड्यांत तोंड खुपसून रडली. नात्यात मला वेगळाच मान मिळू लागला. फोनवर लांबच्या आत्या म्हणायच्या, तुझ्यासारखी सून मिळायला पुण्य लागतं. मी "तसं काही नाही हो" म्हणायचे आणि त्यांना तो माझा विनय वाटायचा. खरं बोलूनही खोटं ठरण्याची ती सोय मला फार दिवस पुरली.

चोपड्याला चुलत सासूबाईंच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगत उठल्यावर त्यांनी आपल्या नव्या सुनेला हाक मारली आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, हिच्याकडून शिक. ती मुलगी हातात ताटांची चळत घेऊन उभी होती, घामाघूम. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून दिसतं. तिच्या आयुष्यात आता माझ्या नावाने टोमणे बसणार होते, आणि ते बसणार होते एका सीरिजमधल्या कुत्र्यापायी.

त्या दिवशी परतताना गाडीत मी ह्यांना सगळं सांगितलं. कॉलेजातल्या बाईंचा प्रसंगही सांगितला. मला वाटलं होतं, हसतील किंवा चिडतील. त्यांनी विचारलं, "आईला कुत्रा आवडायचा?" मी म्हटलं, हो, तो एकच. ते म्हणाले, मला माहीतच नव्हतं. अक्काला सांगू का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, तुझं तू बघ.

वर्षश्राद्धाला धुळ्याला गेलो तेव्हा मी अक्काला सांगितलं. कामं उरकून ती ओट्यावर बसली होती. मी आडवळणं न घेता सांगितलं की त्या दुपारी मी फोनवर सीरिज पाहत होते, तीत एक कुत्रा मेला, म्हणून रडले. आईंसाठी मला त्या दहा दिवसांत रडू आलं नाही. तू जे सगळ्यांना सांगतेस ते खरं नाही.

मला असं वाटलं होतं की ती म्हणेल, अगं, ते रडू आईसाठीच होतं, कुत्रा निमित्त. मीही तसं कितीदा लिहिलं आहे, अमुक पात्राचं मरण म्हणजे अमुक कशाचं तरी प्रतीक. ती तसं म्हणाली असती तर मी मानलं असतं, आणि मोकळी झाले असते. पण अक्काला सीरिज बघायची सवय नाही. तिने ते शब्दशः ऐकलं. तिचा चेहरा लाल झाला.

"माझी आई गेली होती," ती म्हणाली. "आणि तू कुत्र्यासाठी रडत होतीस. आणि मी तुला धरून बसले."

ती उठून आत गेली. पंगतीत तिने मला वाढलं, सगळ्यांना वाढलं तसंच, पण आग्रह केला नाही. निघताना मी पाया पडले तेव्हा तिने माझा हात धरून बाजूला नेलं.

"हे आता दुसऱ्या कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "मी इतक्या लोकांना सांगितलंय. आता मी परत जाऊन काय सांगू त्यांना? राहू दे आहे तसं."

म्हणजे सांगून मी मोकळी झाले नाही, उलट तीही माझ्याबरोबर अडकली. तिच्या आईच्या मरणाची एक चांगली आठवण होती तिच्याकडे, भावजयीला मिठीत घेऊन दोघी रडल्याची. ती मी तिच्याकडून काढून घेतली, आणि तरी ती तिला चारचौघांत मिरवावी लागणार होती. आधी माझी लाज माझ्यापुरती होती. आता तिच्याकडे पाहिलं की ती दुप्पट होते.

यंदाच्या उन्हाळ्यात बोदवडला एका लग्नात आम्ही सगळे भेटलो. हळदीच्या दुपारी मांडवाच्या सावलीत बायका बसल्या होत्या. कुणीतरी सासूबाईंचं नाव काढलं आणि कुणीतरी अक्काला म्हणालं, ते सांग ना, वहिनीचं. अक्काने क्षणभर पंख्याकडे पाहिलं आणि सांगायला लागली. नेहमीपेक्षा भरभर सांगत होती. गोधड्यांपर्यंत आली तेव्हा तिचा आवाज जरा अडखळला. बायकांना वाटलं, आईच्या आठवणीने. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी हळदीच्या वाट्या भरत होते. उठून जावं असं वाटत होतं आणि गेले असते तर त्याचाही त्या बायकांनी चांगलाच अर्थ लावला असता.

चोपड्याची ती नवी सून माझ्या शेजारी येऊन बसली. आता ती तितकी नवी राहिली नव्हती. हळू आवाजात तिने मला विचारलं, "काकू, तुम्ही दोघी दिवसभर घरात एकट्याच असायच्या ना? मग काय बोलायच्या हो? मला तर आमच्या आईंशी काय बोलावं तेच सुचत नाही."

"सिरियलबद्दल," मी म्हटलं. "आम्ही फक्त सिरियलबद्दल बोलायचो. दुसरं काहीच नाही."

तिला वाटलं मी तिला टाळते आहे. ती कसनुसं हसली आणि वाट्यांचं ताट घेऊन नवरीकडे निघून गेली.